पाठ वेगळी आहे

बुधवारी संध्याकाळी साडेसहा वाजता आमच्या ऑफिसातली चौथ्या मजल्यावरची एक छोटी मीटिंग रूम बुक असते. कॅलेंडरवर मीटिंगचं नाव असतं ‘लेगसी रिव्ह्यू’. आत डोकावलात तर लॅपटॉप बंद दिसतील आणि टेबलावर पत्ते.

रमी नाही, तीन पत्तीही नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’. ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या खेळात बावन्न पानांचा ठरलेला कॅट नसतो. बाजारात पाकिटं मिळतात आणि पाकिटात कुठली पानं निघतील ते फोडल्याशिवाय कळत नाही. अशा जमवलेल्या शेकडो पानांतून प्रत्येकाने आपला साठ पानांचा डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी भिडायचं. पोकेमॉनच्या कार्डांचा खेळ नंतर याच धर्तीवर आला, आणि तो इंग्रजीत पहिल्यांदा छापला तोही याच कंपनीने.

हे वेड आमच्यात आणलं आमच्या लीड मॅमनी. त्या बंगळुरूहून नागपूरला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात दोन डेक होते. मी पुण्याहून आलो तेव्हा माझ्या सामानात एक मॉनिटर आणि भरपूर संकोच होता. बाबा गेल्यावर आई एकटी राहायला लागली. मिहानमधल्या कंपन्यांमुळे नागपूरच्या पोरांना आता परत यायची सोय झाली आहे, तशी माझीही झाली. पाच वर्षांनी परत आलो. आमच्या मजल्यावरून विमानतळाची धावपट्टी दिसते. त्या पलीकडे कुठेतरी चिंचभुवन. माझं लहानपण तिथे गेलं. इतक्या जवळ येऊनही मी पहिली तीन वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो. का, ते पुढे सांगतो. त्यासाठी आधी मला तुम्हाला एका पत्त्याची मागची बाजू दाखवायची आहे.

*

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपला जुन्या पद्धतीने खेळायची हुक्की आली. स्वीडनमधल्या काही खेळाडूंनी एक प्रकार रुळवला आहे. त्यात फक्त १९९३ आणि १९९४ मध्ये आलेली पानंच वापरायची. आम्हाला वाटलं, बघूया तरी हा खेळ जन्मला तेव्हा कसा होता. ऑनलाइन किमती बघितल्या आणि सगळे गप्प झालो. एकेका पानाची किंमत माझ्या गाडीच्या हप्त्याएवढी, काहींची अख्ख्या गाडीएवढी.

एवढं महाग का? तर ती पुन्हा छापली जात नाहीत म्हणून. १९९५ मध्ये कंपनीने जुनी पानं पुन्हा छापून ‘क्रॉनिकल्स’ नावाचा संच काढला, तेव्हा ज्यांनी मूळ पानं जपून ठेवली होती ते भयंकर चिडले. त्यांच्या समाधानासाठी १९९६ मध्ये कंपनीने एक यादी जाहीर केली. या यादीतली पानं आम्ही परत कधीच छापणार नाही, असं वचन. ते वचन आजही पाळलं जातं. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? घरच्या घरी खेळायला लोक पानांच्या प्रती छापून घेतात. आम्हीही तसंच ठरवलं. कुठली पानं छापायची याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, आणि यादी करता करता मी या खेळाच्या पहिल्या दीड वर्षाच्या इतिहासात पार अडकलो.

रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा माणूस. त्याचा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. पहिल्या छपाईला ‘अल्फा’ म्हणतात. त्यात २९५ वेगवेगळी पानं होती. सुरुवातीचा अंदाज असा होता की एखादा माणूस थोडी पाकिटं घेईल, मित्रांशी अदलाबदल करेल आणि तेवढ्यावर खेळेल. झालं भलतंच. लोकांनी खोकीच्या खोकी नेली आणि नवीन पानांची मागणी सुरू केली. म्हणून घाईघाईत, डिसेंबर १९९३ मध्ये, पहिला विस्तार संच आला: ‘अरेबियन नाइट्स’. ७८ पानं, सगळी गारफिल्डने एकट्याने रचलेली. अल्लादिन, सिंदबाद, अलीबाबा, उडता गालिचा, जिन्न. विस्तार संच म्हणजे जुन्या पानांत मिसळून खेळायची नवी पानं. आज हे सांगावंही लागत नाही, पण तेव्हा असं काही कुणी केलंच नव्हतं. त्यामुळे एक साधा प्रश्न उभा राहिला: नव्या पानांची पाठ कशी असावी?

हा प्रश्न बावळट वाटेल, पण नाही. पत्त्यांच्या सगळ्या खेळांचा पाया एकच आहे. पालथं पान कुठलं आहे हे कळता कामा नये. गारफिल्डच्या डोक्यात सुरुवातीला असं होतं की प्रत्येक विस्तार हा जवळजवळ स्वतंत्र खेळ असेल. ज्याला मिसळायचा त्याने मिसळावा, नको त्याने वेगळा ठेवावा. म्हणून ‘अरेबियन नाइट्स’ची पाठ वेगळ्या रंगाची करायचं ठरलं होतं. तसं झालं असतं तर जुन्या डेकमध्ये एक जिन्न घातला की गड्डीवरूनच दिसलं असतं, पुढचं पान जिन्न आहे. नव्या पानांची वेगळी चूल मांडली गेली असती.

छपाईला जायच्या अगदी तोंडावर निर्णय फिरला. पाठ जुनीच ठेवली. त्याऐवजी पुढच्या बाजूला एक छोटंसं चिन्ह टाकलं, वाकडी तलवार. म्हणजे ज्याला ओळखायचं आहे त्याला पान उलटल्यावर ओळखता येईल, पण पालथं असताना सगळी पानं सारखी.

या फिरलेल्या निर्णयाची एक खूण मात्र राहून गेली. वेगळी पाठ असती तर त्या पाठीची जमिनीची साधी पानंही संचात लागली असती, कारण त्यांच्याशिवाय खेळता येत नाही. पाठ एक झाल्यावर ती पानं काढून टाकली. एक ‘डोंगर’ तेवढा चुकून राहिला. तो तसाच छापला गेला. मी हे वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. रोज आम्ही हेच बघतो. फीचर रद्द होतं, कोड काढला जातो, आणि एका कोपऱ्यात एक फंक्शन शिल्लक राहतं. त्याला कुणी बोलावत नाही आणि ते का आहे हे कुणाला आठवत नाही.

त्या पाठीचंही तसंच आहे. तिच्यावर ‘डेकमास्टर’ असा शब्द आहे. कंपनीने एकेकाळी तिच्या अशा सगळ्या खेळांसाठी योजलेलं ते नाव. ते नाव केव्हाच मागे पडलं. खेळाचा लोगोही पुढच्या काळात बदलला. पाठीवर मात्र तोच जुना निळा लोगो आणि तोच शब्द, तीस वर्षं. बदलायची सोय नाही, कारण बदललं की १९९३ पासूनची सगळी पानं एका झटक्यात उघडी पडतील. प्रॉडक्शनमध्ये काही फाइल्सवर वरच लिहिलेलं असतं ना, ‘हात लावू नये’, तशी ती पाठ आहे.

आणि गंमत म्हणजे, पहिल्या अल्फा छपाईची पानंच बाकीच्यांसारखी नाहीत! त्यांचे कोपरे जरा जास्त गोल कापले गेले होते. म्हणजे सगळ्यात अस्सल, सगळ्यात महाग पान आजच्या डेकमध्ये नुसतं घातलं तर ते खुणेचं पान ठरतं. त्यावर खेळाडूंनी काढलेला उपाय म्हणजे स्लीव्ह. मागून अपारदर्शक असलेलं प्लास्टिकचं छोटं पाकीट. साठच्या साठ पानं सारख्या पाकिटात घातली की आतल्या पानाची पाठ कशीही असो, कोपरे कसेही असोत, फरक पडत नाही.

‘अरेबियन नाइट्स’मधल्या दोन पानांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक ‘शाहराजाद’. हे पान खेळलं की चालू डाव तसाच थांबवायचा आणि उरलेल्या पानांनी त्याच्या पोटात दुसरा डाव खेळायचा. तो हरणारा बाहेरच्या डावात अर्धा जीव गमावतो. गोष्टीत गोष्ट सांगणाऱ्या बाईचं पान असंच असणार! स्पर्धांमध्ये त्यावर बंदी आहे, कारण डाव संपतच नाहीत. दुसरं, ‘बाटलीतलं शहर’. ते टेबलावर आलं की ‘अरेबियन नाइट्स’ची सगळी पानं खेळातून बाद. एका संचाला हाकलून देणारं पान त्याच संचात. तलवारीचं ते चिन्ह ओळखण्यापुरतं होतं. इथे ते कुणाला ठेवायचं आणि कुणाला घालवायचं हे ठरवायला लागलं.

पुढचे संच भराभर आले. मार्च १९९४ मध्ये ‘अँटिक्विटीज’, सगळी यंत्रं आणि दोन भावांचं भांडण. जूनमध्ये ३१० पानांचा अवाढव्य ‘लेजंड्स’. ऑगस्टमध्ये ‘द डार्क’. नोव्हेंबरमध्ये ‘फॉलन एम्पायर्स’, जो इतका छापला की दुकानांत पडून राहिला आणि आजही जुन्या संचांत सगळ्यात स्वस्त आहे. चढणं, हावरेपणा, कोसळणं, सगळं एका वर्षात. पण माझं मन त्या पहिल्या संचाच्या पाठीपाशीच अडकून राहिलं होतं. ‘पाठ वेगळी असती तर चाललं नसतं’ हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

ऐकलं नव्हतं. बोललो होतो.

*

२००७ किंवा ०८ असेल. मी पाचवीत होतो. टीव्हीवर हिंदीतला पोकेमॉन आणि शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात लोंबकळणारी पोकेमॉनच्या कार्डांची पाकिटं. चिंचभुवन तेव्हा अर्धं गाव, अर्धं शहर होतं. वर्धा रोडवर ट्रकची रांग, मागे शेतं. पलीकडे खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव या गावांच्या जमिनी मिहानसाठी घेतल्या जात होत्या, म्हणून मोठ्या माणसांच्या बोलण्यात सतत सातबारा आणि मोबदला. आमच्या बोलण्यात चॅरिझार्ड.

खरे नियम आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. खेळाला एनर्जीची पानं लागतात, इतकंसुद्धा ठाऊक नव्हतं. आम्ही आमचे नियम केले होते. दहा-दहा पानं हातात धरायची. पाठ समोरच्याकडे. त्याने न बघता माझं एक ओढायचं, मी त्याचं एक. टेबलावर, म्हणजे मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, दोन्ही उघडायची. ज्याच्या पानाचा एचपी मोठा तो दोन्ही घेणार. कायमची.

माझ्याकडे चाळीसेक पानं होती, गल्लीत सगळ्यात जास्त. त्यात एक चमकणारा चॅरिझार्ड.

माझा सगळ्यात जवळचा मित्र पेंटर काकांचा मुलगा. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचे. ट्रकच्या मागे लिहायला तर लांबून लोक यायचे. त्याला पाकिटं विकत घ्यायला पैसे मिळायचे नाहीत, पण रंग, ब्रश आणि हात मिळाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगतो, त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. शहरातली रोगराई, पीडा, सगळं वाईट घेऊन जा म्हणून काळी आणि पिवळी मारबत अशा दोन मोठ्या बाहुल्यांची मिरवणूक इतवारी भागातून काढतात आणि शेवटी त्यांना जाळतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. सोबत बडगे असतात. त्या वर्षी जे जे लोकांच्या डोक्यात गेलेलं असेल, त्याचे पुतळे. मित्र आपल्या काकांच्या खांद्यावरून ती मिरवणूक बघून आला होता.

दोन दिवसांनी तो ओट्यावर आला तेव्हा त्याच्या हातात रबरबँड लावलेली सोळा कार्डं होती. त्याने स्वतः केलेली. आकार आमच्या कार्डांएवढा, कडा पट्टीने कापलेल्या. पुढून चित्र, नाव, एचपी आणि खाली एका ओळीत त्या पानाचा खास नियम.

काळी मारबत. एचपी १००. नियम: ‘एकदाच लढते, मग जळते. जळताना समोरच्याचं सगळ्यात मोठं पान घेऊन जाते.’

तान्हा बैल. एचपी १०. पण हातात जितके तान्हे बैल, तितके पट. त्याने चार केले होते.

बडग्या. एचपी शून्य. समोर जे पान येईल त्याचा एचपी त्याचा.

गोरेवाड्याचा बिबट्या. विमान. फुटाळ्याचा मासा. बाकीची आठवत नाहीत.

आज मी पगार घेऊन लॉजिक लिहितो आणि रिकाम्या वेळात खेळांच्या रचनेवर वाचतो, म्हणून कळतं की दहा वर्षांच्या त्या पोराने काय केलं होतं. आमच्या खेळात मोठा आकडा जिंकायचा, बस. ज्याच्याकडे पैसे, त्याच्याकडे पाकिटं, त्याच्याकडे मोठे आकडे. त्याने एक पान असं केलं की ते जिंकतं पण स्वतः संपतं. एक पान एकटं काहीच नाही, जथ्यात भारी. एक पान समोरच्याचीच ताकद वापरतं. आमच्या खेळात पहिल्यांदाच विचार करायची गरज निर्माण झाली होती. तो एक विस्तार संच होता, गारफिल्डसारखाच आपल्या आवडत्या गोष्टीतून उचललेला, आणि मला वाटतं चांगला होता.

पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडला. आम्ही तासभर खेळलो. माझा चॅरिझार्ड काळ्या मारबतीने नेला. ‘ही सराव मॅच होती’ असं म्हणून मी तो परत घेतला. दुसऱ्या डावात तिने तो परत नेला.

तेव्हा मी त्याची पानं पालथी करून सगळ्यांना दाखवली.

मागे लग्नपत्रिका होत्या. काकांकडे लोकांच्या पत्रिका यायच्या, त्या जाड कागदाच्या, म्हणून त्याने त्या कापून वापरल्या होत्या. कुठे लाल गणपती, कुठे पिवळ्या पार्श्वभूमीवर अर्धा कलश, कुठे ‘विवाहस्थळ’. काळ्या मारबतीच्या मागे छापलेलं होतं, ‘माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’

“याची पाठ वेगळी आहे,” मी म्हटलं. “मागून कळते कोणतं पान आहे ते. हे चालत नाही.”

नियमाने मी बरोबर होतो. हेच या आठवणीतलं सगळ्यात अवघड आहे. न बघता ओढायच्या खेळात मागून ओळखू येणारं पान चालत नाही, हे खरंच आहे. पण ओळखू येणारं पान समोरच्याला टाळता येतं, म्हणजे नुकसान त्याचंच होत होतं, माझं नव्हे. ते मला त्या वयातही दिसत होतं. मी पाठीबद्दल बोललो कारण मी हरत होतो. बाकीची पोरं माझ्या बाजूने झाली, कारण खेळायला पानं माझ्याकडची लागायची.

तो भांडला नाही. त्याने सोळाच्या सोळा गोळा केली, सरळ केली, रबरबँड लावला. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर आला, पण पानं आणली नाहीत. नुसता बसून आमचा खेळ बघत राहिला. पुढे मला शहरातल्या शाळेत घातलं, आम्ही घर बदललं आणि ते सगळं मागे पडलं.

एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी, इंजिनिअरिंगला असताना कळली. खऱ्या चॅरिझार्डचा पहिल्या संचातला एचपी १२० आहे. माझ्या त्या चमकणाऱ्या चॅरिझार्डचा ४२० होता. माझी सगळी चाळीस पानं नकली होती. त्यांच्या पाठीचा निळा रंगही खऱ्या पाठीपेक्षा फिका होता. अख्ख्या ओट्यावर खऱ्या पाठीचं पान एकही नव्हतं.

*

मागच्या डिसेंबरात गोव्याला जाताना आम्ही सावंतवाडीला थांबलो होतो. राजवाड्यात गंजिफा बघायला. गोल, लाखेचं काम केलेली, हाताने रंगवलेली पानं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही मरायला टेकलेली कला राजवाड्यात कारागीर बसवून जगवली. मुघल गंजिफेत आठ रंग आणि ९६ पानं असतात. तोच खेळ आपल्याकडे रुजला तेव्हा रंग झाले दहा, प्रत्येक अवताराचा एक, आणि पानं १२०. दशावतारी गंजिफा. मत्स्य, कूर्म, वराह. तिथे उभं राहून मला पहिल्यांदा जाणवलं की बाहेरून आलेल्या खेळात आपली माणसं, आपले देव, आपली जनावरं घालणं ही काही पोरकट गोष्ट नाही. आपल्याकडे ती शेकडो वर्षं चालत आली आहे. फक्त आमच्या गल्लीत ती चालू दिली गेली नाही.

मी एक पान उलटून बघितलं. मागे साधा एकच रंग. सगळ्यांचा सारखा.

*

मित्राचं खापरीजवळ, वर्धा रोडला लागून डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, हे मला आईकडून तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. फ्लेक्स आला तसं हाताने पाट्या रंगवायचं काम संपत गेलं. काकांनी ब्रश ठेवला आणि पोराने कर्ज काढून मशीन घेतलं. मी रोज खापरी स्टेशनला मेट्रोतून उतरायचो आणि ऑफिसच्या फीडर बसमध्ये बसायचो. दुकान चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षांत गेलो नव्हतो. स्वतःला सांगायचो की वेळ नाही.

पानांच्या प्रती छापायची वेळ आली तेव्हा ग्रुपमधल्या एकाने ऑनलाइन प्रिंटरची लिंक टाकली. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक आहे.

शनिवारी गेलो. बाहेर वाढदिवसाच्या फ्लेक्सची गुंडाळी, आत शाईचा वास. तो कॉम्प्युटरवर कुणाचा तरी फोटो गोरा करत होता. त्याने वर बघितलं आणि लगेच ओळखलं.

“अबे, तू! कधी आला पुण्याहून?”

“तीन वर्षं झाली,” असं म्हणताना मला लाज वाटली. तो काही बोलला नाही. चहा सांगितला.

काकांची चौकशी झाली, आईची झाली. मग मी पेनड्राइव्ह दिला. त्याने फाइल उघडली, जिन्न आणि गालिचे आणि बाटलीतलं शहर स्क्रीनवर आले. त्याने झूम केलं. चित्रं बराच वेळ बघितली. “हाताने काढलेले दिसतात बे हे. जुने आहेत?” मी म्हटलं, ९३ चे. तो कागदाकडे वळला. तीनशे जीएसएम घेऊ, लॅमिनेशन मॅट करू, चमक नको, पिसताना चिकटतात. मग त्याने विचारलं,

“मागून काय टाकू?”

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर साधं होतं. ‘कोरं ठेव, आम्ही स्लीव्हमध्ये घालणार आहोत.’ मी त्याऐवजी म्हटलं, “तुला ते मारबतीचे कार्डं आठवतात?”

“हाव. लग्नपत्रिकांचे.”

“मी म्हटलं होतं चालत नाही.”

“बरोबरच होतं ना बे. मागून दिसत होतं.”

“मी त्याच्यासाठी नव्हतं म्हटलं. मी हरत होतो.”

तो हसला. माऊसवरचा हात तसाच. “तेही माहीत होतं मला.”

चहा आला. आम्ही प्यायलो. त्याने स्लीव्ह म्हणजे काय ते विचारलं. मी बॅगेतून एक काढून दाखवली, काळी, मागून मॅट. त्याने ती उलटसुलट केली, आत बोट घालून बघितलं, उजेडासमोर धरली. मागून काहीच दिसत नव्हतं. “केवढ्याला?” म्हणाला. मी सांगितलं. “तेव्हा असती तर,” तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून प्रिंटर सुरू करायला उठला.

जुनी सोळा पानं आता नाहीत. घर बदलताना गेली. नियमही त्याला सगळे आठवत नव्हते. बिबट्याचा नियम काय होता यावर आम्ही पाऊण तास घातला आणि शेवटी नवीन केला. काळी मारबत त्याने बिलबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेनाने काढली. हात अजून तसाच आहे. मी ती मॅजिकच्या नियमांत बसवायचा प्रयत्न केला आणि माझ्या लक्षात आलं की तिच्यासाठी काहीही बदलावं लागत नाही. येते, जाताना समोरचं सगळ्यात मोठं पान घेऊन जाते. तो नियम जसाच्या तसा चालतो.

सेझमध्ये बाहेरच्या माणसाला आत न्यायचं तर पास, ओळखपत्र, कुणाचीतरी परवानगी. पत्ते खेळायला कुणी परवानगी देणार नाही. म्हणून आता महिन्यातून दोन बुधवार आम्हीच बाहेर येतो. आठनंतर त्याच्या दुकानात फ्लेक्स कापायचं मोठं टेबल रिकामं होतं, तिथे बसतो. लीड मॅम पहिल्या दिवशी मारबतीचं पान वाचून म्हणाल्या, “हे कुठल्या सेटमधलं?” मी सांगितलं, चिंचभुवन, २००७ किंवा ०८, सोळा पानं, एकच छपाई.

तो अजून डावात नीट बसत नाही. म्हणतो, इंग्रजी वाचता वाचता डाव संपतो. पण डेक पिसायला त्याच्याकडे देतो, कारण त्याच्या हाताला ती सवय लवकर लागली. गेल्या बुधवारी त्याने माझा डेक पिसून समोर ठेवला. साठ काळ्या पाठी, एकसारख्या. त्यात एक बिलबुकाचा पुठ्ठा होता. मी कडेने नजर फिरवली. खरं सांगतो, सवयीने शोधत होतो.

“नको शोधू,” तो म्हणाला. “काट.”

मी काटलं.